तात्पुरतं माप

आमच्या रेसच्या गाडीला लोक चिमटा म्हणतात. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. पहिल्याच शर्यतीच्या दिवशी शेजारच्या टीममधल्या कुणीतरी तिचं निमुळतं नाक आणि आवळलेली कंबर पाहून ते ठेवलं, आणि माझ्या नवऱ्याला ते कौतुकच वाटलं. कौतुक आणि थट्टा यांतला फरक त्याला लग्नाआधीही कळत नव्हता.

नवरा लिफ्टच्या कारखान्यात डिझायनर आहे. लिफ्टचं एक बरं असतं, तिच्यात माणसाचं माप लागत नाही, नुसतं वजन लागतं. आणि तेही कुणा एकाचं नाही, सरासरी माणसाचं. उंच, बुटका, पोट सुटलेला, सगळे एकाच हिशेबात उभे राहतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. इतकी वर्षं अशा लोकांसाठी खोकी काढल्यावर त्याला एक दिवस वाटलं की आपण फॉर्म्युला गाडी काढावी. एका माणसाची, चाकं उघडी असलेली, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली. क्लबच्या शर्यतींत छोट्या टीम आणतात तसली. उभा जन्म वरखाली करण्यात गेला, आता जरा आडवं जाऊ, असं त्याचं म्हणणं होतं.

टीम म्हणजे आमचं घर आणि एक वेल्डर. डिझाइन नवऱ्याचं. ड्रायव्हर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. जोडकाम आणि दुरुस्ती गल्लीतल्या वेल्डरची, त्याच्याच शेडमध्ये गाडी उभी असते. सीटचं शिवणकाम सासूबाईंचं. आणि मी राखीव ड्रायव्हर. दचकू नका, त्याला काही अर्थ नाही. प्रत्येक टीमनं एक राखीव ड्रायव्हर नोंदवलाच पाहिजे असा क्लबचा नियम आहे, आणि घरात रेसचं लायसन्स मिळण्याजोगं दुसरं कुणी नव्हतं. सासूबाईंना लांबचं दिसत नाही, नवऱ्याला वळणावर मळमळतं. म्हणून दरवर्षी मी डॉक्टरांसमोर एका पायावर उभी राहते, क्लबच्या गाडीतून परीक्षेपुरत्या फेऱ्या मारते, सही करते आणि घरी येऊन कपडे वाळत घालते.

माझा धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायचं. माझ्या पायाखाली एकच पेडल असतं, ब्रेकचं. गाडी त्यांनी चालवायची आणि मी थांबवायची. हे वर्षानुवर्षं करून कुणाचा स्वभाव गोड राहत नाही, माझाही राहिलेला नाही.

चिमट्यामागची कल्पना एका वाक्यात सांगता येते, पण नवरा ती अख्खं जेवण होईपर्यंत सांगतो. गाडी जितकी अरुंद, तितकी ती हवेला कमी अडते. इंजिन सगळ्यांचं एकाच ताकदीचं, ती वाढवायला बंदी, मग निदान अंग चोरावं. किती चोरता येईल हे बघायला त्यानं बाहेरच्या खोलीत प्लायवूड आणि पुठ्ठ्याचं कॉकपिट, म्हणजे ड्रायव्हरची बैठक, उभं केलं. स्टिअरिंगच्या जागी पातेल्याचं झाकण, त्याच्या खाली झाडूचा दांडा. भाऊजींनी येऊन त्यात बसायचं आणि नवऱ्यानं त्यांची मापं घ्यायची असं ठरलं होतं. पण भाऊजी शाळेची बस चालवतात. सकाळी मुलं, दुपारी मुलं, सुट्टीच्या दिवशी सहली. ते रविवारी येतो म्हणाले आणि आले नाहीत. पुढच्या रविवारीही आले नाहीत.

"तात्पुरती तू बस," नवरा मला म्हणाला. "तो आला की बदलू."

मला मटार सोलायचे होते. टोपली मांडीवर घेऊन मी बसले. तो माझ्या कोपराभोवती पुठ्ठा वाकवायचा, गुडघ्यापाशी पट्टी धरायचा, मध्येच म्हणायचा पाय लांब कर. तो सगळा हिवाळा संध्याकाळी मी तिथेच बसायचे, कारण खोलीत बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. भाऊजी उगवले तेव्हा नळ्या कापून झाल्या होत्या, सांगाडा जोडायला घेतला होता, आणि मापं बदलायची राहून गेली. मुद्दाम कुणी ठेवली नाहीत. घरातल्या तात्पुरत्या गोष्टींचं जे होतं तेच झालं. आमच्या न्हाणीघराच्या दाराला कडीऐवजी तात्पुरती बांधलेली सुतळी अजून आहे. मीही विसरले. सोललेले मटार लक्षात राहतात, कोपर कुठे टेकलं होतं ते कोण लक्षात ठेवतं.

आता चिमट्याची कारकीर्द. पहिल्या मोसमात ती एकही शर्यत पुरी करू शकली नाही. एकदा गिअर अडकला. एकदा सुरुवातीच्या रेषेवरच इंजिन रुसलं आणि बाकीच्या गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. एकदा पुढचं डावं चाक निखळलं आणि गाडीच्या पुढे घरंगळत गेलं. त्या दिवशी कुणाच्याही पुढे असलेलं आमचं ते एकमेव अंग. वेल्डर दर सोमवारी काय मोडलंय ते बघायचा, हं म्हणायचा आणि जोडून द्यायचा. आम्ही सगळे आनंदात होतो.

दुसऱ्या मोसमात काहीच मोडेना. चिमट्यानं सगळ्या शर्यती पुऱ्या केल्या आणि प्रत्येकीत शेवटचा नंबर काढला. हे फार वाईट झालं. गाडी मोडते तोवर दोष गाडीचा असतो. मोडायची थांबली की लोक आत कोण बसलंय ते बघतात.

नवरा भावाला कधी टाकून बोलला नाही. तो फक्त म्हणायचा, गाडीत दोष नाही. आकडे काढून दाखवायचा. लिफ्ट तपासून प्रमाणपत्र द्यावं तशा सुरात म्हणायचा, आणि समोर भाऊजी बसलेले असायचे. सासूबाई तर पोटच्या पोराची भीडभाड ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. सीटची उसवलेली शिवण घालता घालता त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." भाऊजी हसले आणि त्यांना सुई ओवून दिली.

भाऊजी म्हणजे धिप्पाड माणूस. लांब पाय, रुंद खांदे, आणि बोलणं मांजरासारखं. त्यांच्या बसमध्ये आजवर एकाही पोराला उलटी झालेली नाही. चिमट्यात बसायचं तर ते आधी एक खांदा आत घालायचे, मग वेल्डर दुसरा वरून दाबायचा. शर्यत झाली की त्यांचे गुडघे काळेनिळे झालेले असायचे, कारण डावीकडे वळताना स्टिअरिंग गुडघ्यावर आपटायचं आणि वाट करून द्यायला त्यांना पाय मागे घ्यावा लागायचा. पण याबद्दल त्यांनी तोंडातून कधी ब्र काढला नाही. अगदी सुरुवातीला नवरा त्यांना म्हणाला होता की रेसची गाडी म्हणजे सोफा नव्हे. मोठा भाऊ म्हणतोय म्हटल्यावर ते त्यांनी गाठीशी बांधून ठेवलं. दुखणं हा खेळाचाच भाग असेल असं ते धरून चालले.

तिसरा मोसम अर्धा सरला तेव्हा एका दुपारी ते माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले. उभ्या गाडीत शिकाऊ माणसाच्या जागेवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं घरात काहीतरी बिनसलं. मग म्हणाले की हा त्यांचा शेवटचा मोसम. दादाला अजून सांगितलेलं नाही.

"वहिनी, मला फक्त एवढंच कळू दे. गाडी हळू आहे की मी?"

मी म्हटलं, कळून काय करणार आहात? ते म्हणाले, मी हळू असलो तर काही नाही, बस आहेच, सुखानं सोडून देईन. पण न कळता सोडलं, तर बस चालवताना जन्मभर तेच डोक्यात घोळत राहील, आणि मागे मुलं असतात. हे त्यांनी साधेपणानं सांगितलं, बसच्या वेळा सांगाव्यात तसं. मी त्यांना शब्द दिला की काय ते शोधून काढते. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात वेल्डरचं बोलावणं आलं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती, ती काढायला एकानं खाली आडवं पडून स्क्रू सैल करायचा आणि एकानं वर बसून पेडल दाबायचं. एरवी भाऊजी बसतात, पण ते सहल घेऊन गेले होते. ब्रेक दाबायचा म्हटल्यावर त्याला माझी आठवण होणं साहजिक होतं. मी चप्पल काढून चिमट्यात पाय टाकला आणि खाली घसरले.

मला कुणी दाबायची गरज पडली नाही. कोपरं दोन्हीकडे आपापल्या खोबणीत गेली. टाच जिथे टेकायला हवी तिथे टेकली. स्टिअरिंग हाताला असं आलं की जणू कुणी हातात दिलंय. उजव्या कोपरापाशी पत्र्याला एक हलकी वाक होती. ती कशासाठी आहे हे या जगात फक्त मला माहीत होतं. टोपलीतून शेंग उचलताना माझं कोपर तिथे बाहेर यायचं.

"दाबा," खालून वेल्डर म्हणाला. "धरा. सोडा."

मी दाबत होते, धरत होते, सोडत होते. आणि माझ्या उजव्या पायाला कळत होतं की शेजारी आणखी एक पेडल आहे. इतक्या वर्षांत माझ्या पायाला शेजार नव्हता. मी त्यावर पाय ठेवला. इंजिन बंद होतं, काहीच झालं नाही. पण मला ती गाडी हवी होती. साडी नाही, दागिना नाही, घर नाही, मला आयुष्यात काही इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. वेल्डर गाडीखालून निघून हात पुसत उभा होता. हवा केव्हाच गेली, म्हणाला, उतरा आता.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की गाडी भाऊजींच्या मापाची नाही, माझ्या मापाची आहे. त्याचा घास हातातच राहिला. पुठ्ठा, झाकण, मटार, त्याला एकेक आठवताना मला दिसत होतं. मग तो म्हणाला, "तीन मोसम त्याचे गुडघे फुटले." एवढंच. ताट तसंच सारून उठला, आणि मला त्याचा जो राग आला होता तो निम्मा तिथेच गेला.

आता यावर उपाय काय, हे कुठल्याही शहाण्या माणसाला दिसलं असतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडी कापायला घेतली. दुखणं कळल्यावर आमच्या घरात कुणी क्षणभर थांबत नाही. भाऊजींना शेडमध्ये खुर्चीवर बसवून नवऱ्यानं नखशिखांत मापं घेतली, ते बिचारे शिंप्यापुढे उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखे लाजत होते. बाजूच्या नळ्या कापून बाहेर सरकवल्या, पेडलं पुढे नेली, स्टिअरिंग वर उचललं. कोपरापाशी वाक असलेला तो पत्रा वेल्डरनं उतरवला तेव्हा दुसऱ्या बाजूनं तो मीच धरला होता. गाडी माझ्या मापाची आहे हे शोधलं मी, आणि सगळ्यांबरोबर तिला माझ्या मापाची राहू न देणारीही मीच. मी अवाक्षर काढलं नाही. त्या आठवड्यात माझ्या शिकाऊ लोकांनी मात्र बरेच ब्रेक खाल्ले.

पुढच्या शर्यतीला भाऊजी चिमट्यात वेल्डरच्या मदतीशिवाय बसले. मांड्या हलवून बघितल्या, आरसा सारखा केला, बसमध्ये करतात तसा. आम्ही चौघं पिटच्या, म्हणजे टीम थांबतात तिथल्या, कठड्याला टेकून उभे होतो. मी मनात म्हणत होते, आज या माणसाला उत्तर मिळू दे. आणि त्याच वेळी मनात दुसरंही काहीतरी होतं, त्याचं तोंड मी दाबून धरलं होतं.

भाऊजींनी गाडी फार सुरेख चालवली. एकाही वळणावर धक्का नाही, घाई नाही, मागून कुणी आला की हात दाखवून वाट देत होते. शेवटचे आले. याआधी जितके मागे असायचे जवळजवळ तितकेच मागे.

ते उतरले, हेल्मेट काढलं. नवरा बुटाची नाडी बघत होता. सासूबाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या, जे पिशवीत नव्हतं.

"दादा, गाडी उत्तम आहे," भाऊजी म्हणाले. "मीच हळू आहे."

आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला होता की मला रडू आलं. डोक्यावरचं पोतं उतरवून ठेवल्यावर हमालाचा होतो तसा. अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्यांना नाचताही येत नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होत्या. सासूबाईंनी पिशवी बंद केली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, गुडघे दाखव. गुडघे ठणठणीत होते.

मोसमातली शेवटची शर्यत उरली होती. नवऱ्यानं घसा खाकरून ड्रायव्हर मिळवावा लागेल म्हणून सुरुवात केली. अमुक टीममधला तो मोकळा आहे म्हणे, तमुक क्लबचा तो पोरगा बरा आहे, एक जण लांब राहतो पण येईल. वेल्डर हं, हं करत होता.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," भाऊजी म्हणाले. "दादा, राखीव ड्रायव्हर काय शोभेला ठेवलाय?"

सगळे माझ्याकडे वळले. मग माझा जो भडका उडाला तो शेजारच्या टीमनंही ऐकला.

"आता? कापून झाल्यावर?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. लिफ्टचं दार उघडावं आणि समोर मजलाच नसावा, तसा. मग म्हणाला, "तुला चालवायची होती?"

"मला कुणी विचारलं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"मलाच माहीत नव्हतं. ब्रेक दाबताना कळलं."

वेल्डर हं म्हणाला, पण जरा वेगळ्या सुरात.

पुन्हा कापायला वेळ नव्हता. म्हणून सासूबाईंनी उशा शिवल्या. दोन कमरेच्या बाजूंना, एक पाठीला, घट्ट भरलेल्या, आणि भाऊजींच्या गाडीत मी अहेराच्या खोक्यातल्या काचेच्या भांड्यासारखी बसवली गेले. नवऱ्यानं पेडलांवर लाकडाचे ठोकळे बांधले. सुतळीनं. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं सुतळी सोडून तार लावली.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट सांगते. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसणाऱ्या बाईला एक वाईट खोड लागते. समोरचा चुकणार हे त्याच्याआधी तिला कळतं. खांदे वर चढतात, मान ताठ होते, आणि लगेच पाय नको तिथे पडतो. ट्रॅकवर माझ्या पुढे सगळ्या पाठीच होत्या आणि सगळ्या मला ओळखीच्या वाटत होत्या. हा घाबरून लवकर ब्रेक मारणार. हा आता आरशात बघणार आणि बाहेर जाणार. फरक इतकाच की इथे त्यांची चूक थांबवायची जबाबदारी माझी नव्हती. मी नुसती बाजूनं निघून जात होते. फार बरं वाटत होतं.

अर्ध्या वाटेत डाव्या कमरेची उशी उडाली. ट्रॅकच्या कडेच्या मार्शलनं सावधगिरीचा पिवळा झेंडा दाखवला, धावत येऊन उशी उचलली, झटकली आणि कठड्यावर ठेवली. त्यानंतर प्रत्येक उजव्या वळणावर मी कॉकपिटमध्ये डावीकडे घसरायचे आणि डाव्या वळणावर परत यायचे. एका वळणावर ठोकळ्यावरून पाय निसटला आणि दोघं जण पुढे निघून गेले. त्यांच्या पाठीही मी ओळखत होते, पण तिथवर हात पोचेना. मी सहावी आले. चिमट्याच्या आयुष्यात मागे इतक्या गाड्या पहिल्यांदाच होत्या. भाऊजी कठड्यावर उभं राहून दोन्ही हात हलवत होते, आणि सासूबाई कोण कितवं ते दिसत नसल्यामुळे सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत होत्या.

मी उतरले तेव्हा नवरा पुढे आला. शाबासकी देण्याचा त्याचा पिंड नाही. त्यानं डिझायनरनं विचारावं तेच विचारलं.

"कशी वाटली?"

"सैल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि उशी आणायला गेला.

हिवाळा आला. एका रविवारी मी बाजारातून परतले तर बाहेरच्या खोलीतली खुर्च्या-टेबलं भिंतीला लागली होती आणि मध्ये प्लायवूड उभं होतं. नवा पुठ्ठा, तेच पातेल्याचं झाकण. भाऊजी आलेले होते, वेळेवर, आणि झाडूचा दांडा कापत होते. नवरा हातात मोजपट्टी घेऊन माझी वाट बघत उभा होता.

"बस," तो म्हणाला.

"तात्पुरती?"

"नाही."

मी मटारची टोपली भाऊजींच्या हातात दिली आणि बसले.